चार वाजताचा कॅरम

दार उघडणारा माणूस आधी माझ्याकडे बघायचा, मग माझ्या पाठीमागे बघायचा आणि तिथे कोणीच नाही असं दिसलं की विचारायचा, "इंजिनिअर खाली गाडी लावतायत का?"

"इंजिनिअर वर आलीय," मी चपला काढत सांगायचे. "कॉम्प्युटर कुठल्या खोलीत आहे?"

घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करायचं काम मी वीस-बावीस वर्षं केलं. त्याआधी एका ऑफिसच्या संगणक विभागात होते. तिथून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा नातेवाइकांना वाटलं, आता वसुधा भिशी आणि भजनीमंडळ सांभाळणार. मी खांद्याला पिशवी अडकवून घाटकोपरच्या घरातून बाहेर पडले. पिशवीत स्क्रू ड्रायव्हरचा संच, रंगकामाचा मऊ ब्रश, दोन-तीन केबली, जास्तीचा चष्मा आणि एक डायरी. मुलुंड, भांडुप, अंधेरी, पार्ले, कधी बोरिवली, जिथून फोन येईल तिथे जायचं. गेल्या वर्षी गुडघ्यांनी जिने चढायला साफ नकार दिला, म्हणून थांबले.

माझी खासियत म्हणाल तर जुन्या कॉम्प्युटरवर गेम नीट चालवून देणं. हसू नका. नव्या मशीनवर गेम कोणीही चालवतं. दहा-बारा वर्षांचं मशीन, चालू केल्यावर चहा पिऊन यावं इतका वेळ घेणारं, त्यावर गेम न अडकता चालवायचा म्हणजे हातात कसब लागतं. आणि खेळणारी मंडळी कोण? तुमच्या डोळ्यांसमोर कॉलेजची पोरं येतील. माझी निम्मी गिऱ्हाइकं पासष्टीच्या पुढची होती. मुलं दूर, जेवणं उरकलेली, दुपार सरता सरत नाही. नवा कॉम्प्युटर घेऊन देतो म्हणून मुलं मागे लागलेली असतात, पण यांना जुनाच हवा असतो, कारण त्याची बटणं कुठे आहेत ते हाताला पाठ झालेलं असतं.

भांडुपला एक निवृत्त काका होते, ते रोज संध्याकाळी कॉम्प्युटरवर विमान उडवायचे. साधंसुधं नाही. आधी इंग्रजीतून घोषणा करायचे, मग मराठीतून, आणि काकूंना मागच्या खुर्चीवर प्रवासी म्हणून बसावं लागायचं. तक्रार अशी की विमान उतरायच्या वेळेलाच स्क्रीन गोठते. "तीन दिवस झाले हो," काकू मला म्हणाल्या, "हवेतच आहे मी. खाली उतरवा एकदा, मला कुकर लावायचाय." मी कॉम्प्युटरचा डबा उघडून बघितला तर पंख्यात झेंडूच्या पाकळ्या. खंडेनवमीला काकांनी कॉम्प्युटरची साग्रसंगीत पूजा केली होती आणि फुलं वाहिली ती नेमकी जाळीवर. शिवाय मुलाने एक, भाच्याने एक आणि शेजाऱ्याने एक असे तीन अँटिव्हायरस टाकून ठेवलेले. तिघं दिवसभर एकमेकांचीच झडती घेत बसलेले. दोन काढले, पाकळ्या ब्रशने झाडल्या आणि काकूंना जमिनीवर आणलं.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुम्ही एखादा गेम खेळत असता तेव्हा कॉम्प्युटर तेवढंच करत नसतो. पाठीमागे पंचवीस-तीस प्रोग्रॅम चालू असतात. लग्नाच्या मांडवात चार माणसं राबत असतात आणि बाकीची खुर्च्या अडवून चहा मागत असतात, तसंच. कधी तरी घेतलेल्या प्रिंटरचा एक, फोन जोडला होता त्याचा एक, कुठला तरी अपडेट शोधत फिरणारा एक. नवं मशीन सगळ्यांना चहा पुरवतं, जुन्याला ते झेपत नाही. माझं काम म्हणजे कामाचे कोण आणि बिनकामाचे कोण ते ओळखायचं आणि बिनकामाच्यांना नम्रपणे उठवायचं.

दुसरी गोष्ट फायरवॉल. हा आपल्या सोसायटीचा वॉचमन. बाहेरून कोणी आत येऊ लागलं की हा अडवतो आणि घरमालकाला विचारतो, सोडू का? इथेच घोटाळे होतात. मुलांनी आईवडिलांना शिकवून ठेवलेलं असतं की कॉम्प्युटरने काहीही विचारलं तर 'नाही' दाबायचं. मग वॉचमन विचारतो, हे 'नाही' दाबतात, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी होते. रोज रोज विचारणं नकोसं झालं की त्याला एक कायमचा हुकूमही देता येतो: बाहेरून येणाऱ्या सगळ्यांना अडव आणि मला विचारू नकोस.

हा हुकूम मी कितीतरी घरांत दिला. वयस्कर माणूस, एकटं घर, कशाला जोखीम? माझा नियमच होता: अनोळखी दिसेल ते बंद. निघताना माझं एक ठरलेलं वाक्य असायचं, "आता तुम्हाला कोणी त्रास देणार नाही." त्या वाक्याचा मला अभिमान होता. तो कसा उतरला तेच सांगायला आज बसले आहे.

पार्ल्याच्या नलूताई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. वय चौऱ्याहत्तर, आवाज अजून प्रार्थनेच्या ओळी सरळ करणारा. स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर, जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एकट्या राहायच्या. मुलगी मुग्धा बंगळुरूला. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ते श्रावणात. कॉम्प्युटर मुग्धाच्या कॉलेजच्या काळातला, त्यावर कॅरमचा एक जुना गेम होता. नेम धरून स्ट्रायकर सोडला की तो अर्ध्या बोर्डावर थिजायचा आणि चहाचा घोट घेईपर्यंत तिथेच राहायचा.

"चारच्या आत होईल ना गं?" त्यांनी आल्याआल्या विचारलं. मला वाटलं, चारला मालिका असेल.

मी पाठीमागचे प्रोग्रॅम तपासायला घेतले. बहुतेक सगळे ओळखीचे उपटसुंभ होते. एक मात्र अनोळखी निघाला. अगदी लहान, नाव विचित्र, कोणत्या कंपनीने बनवला त्याचा पत्ता नाही. कॉम्प्युटर चालू झाला की आपोआप चालू होणारा आणि नुसता बसून राहणारा.

"हे काय आहे, माहीत आहे का?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा लावून इंग्रजी नाव एकेक अक्षर वाचलं. "नाही बाई. हे नाव कधी पाहिलं नाही."

ज्याचा बाप माहीत नाही ते बंद. मी तो प्रोग्रॅम बंद केला, पुन्हा चालू होऊ नये अशी सोयही केली. फायरवॉलला माझा नेहमीचा कायमचा हुकूम दिला. मग कॅरम लावून दाखवला. स्ट्रायकर लोण्यातून सुरी जावी तसा गेला. नलूताईंचा चेहरा खुलला.

"एकट्याच खेळता?" मी विचारलं.

"हो. म्हणजे, असंच," त्या म्हणाल्या आणि जरा थांबून त्यांनी विचारलं, "बाकी सगळं पहिल्यासारखंच आहे ना?"

"पहिल्यापेक्षा छान. आता तुम्हाला कोणी त्रास देणार नाही."

साडेतीनला मी जिना उतरत होते. कामाचं चीज झालं की मी स्वतःला एक नारळपाणी पाजायचे, तेही प्यायले.

त्यानंतर सरळ माघ उजाडला. मुलुंडहून केतकी नावाच्या मुलीचा फोन आला. "मुग्धाताईने नंबर दिला तुमचा. आमच्या आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, जुना कॉम्प्युटर आहे. तो शनिवारी भंगारवाल्याला देतोय. त्यातले फोटो तेवढे काढून द्याल?"

मी बुधवारी दुपारी गेले. केतकी आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. कॉम्प्युटरपाशी तिच्या सासूबाई, कुंदाताई, मटार सोलत बसल्या होत्या. सत्तरीच्या आतबाहेरच्या, बारीक, हसऱ्या डोळ्यांच्या. मी फोटो उतरवायला लावले. जुनं मशीन, हजारभर फोटो, तास तरी जाणार होता. रिकाम्या डोळ्यांना स्क्रीनवर एक चित्र दिसलं, आणि ते मी कुठेतरी पाहिलेलं होतं. तोच जुना कॅरम. हा गेम आता कोणाकडे नसतो.

"तुम्ही कॅरम खेळता?"

"खेळायचे," कुंदाताई म्हणाल्या. "आता नाही."

"अडकतो का? मी करून देते नीट."

"अडकत नव्हता गं. समोरचीनेच खेळणं सोडलं."

"समोरची कोण?"

"माझी मोठी बहीण. पार्ल्याला असते." त्यांनी एक शेंग फोडली, दाणे भांड्यात टाकले. "दहा वर्षं आम्ही बोलत नाही."

"बोलत नाही आणि खेळता?"

"खेळायला बोलावं कशाला लागतं?" त्या म्हणाल्या.

मग मटार संपेपर्यंत त्या बोलत राहिल्या. दहा वर्षांपूर्वी त्यांचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं, आणि त्याच आठवड्यात पार्ल्याला आई गेली. ताईने सगळ्यांना बजावलं की कुंदाला कळवायचं नाही. तिसऱ्या दिवशी शेजारीण भेटायला आली आणि सांत्वन करायला लागली, तेव्हा यांना कळलं. "मी स्ट्रेचरवरून गेले असते," कुंदाताई म्हणाल्या. "आईचं तोंड बघू दिलं नाही तिने मला. विचारलं तर म्हणाली, तुझ्या भल्यासाठीच केलं. बस, त्या दिवसापासून बंद."

दोघी ताठ. लग्नकार्यात एकमेकींकडे पाठ करून बसायच्या. तीन वर्षांपूर्वी मुग्धा दोन्ही घरी येऊन गेली. दोन्ही कॉम्प्युटरवर तिने कॅरम टाकला, पार्ल्याच्या मशीनमध्ये काहीतरी खटपट करून ठेवली, आणि मावशीला एवढंच सांगितलं की रोज चार वाजता हे बटण दाब, समोर खेळायला कोणीतरी असेल. कोण ते सांगितलं नाही.

"तिसऱ्या फटक्यात ओळखलं मी," कुंदाताई हसल्या. "लहानपणी पार्ल्याच्या गच्चीवर आम्ही रोज खेळायचो. ताईला राणी दिसली की दुसरं काही सुचत नाही. राणी घेतली की लगेच आपल्या रंगाची सोंगटी घ्यावी लागते ना, कव्हर म्हणून? नाहीतर राणी परत बोर्डावर. ती कव्हरचा विचारच करत नाही, सरळ राणीच्या मागे जाते आणि फजीत होते. मग मी काय करायचे, आधीच तिची एक पांढरी सोंगटी हळूच भोकाच्या तोंडाशी ढकलून ठेवायचे. म्हणजे तिला कव्हर सोपं. तिला वाटायचं, आपण फार हुशार. तीन वर्षं कॉम्प्युटरवरही तेच केलं. तिला आजतागायत कळलेलं नाही."

"मग सोडलं का त्यांनी?"

"कोण जाणे. पावसाळ्यात एक दिवस तिने उत्तरच दिलं नाही. मी बरेच दिवस बटण दाबलं. मग म्हटलं, नको असेल तिला. आपण किती वेळा दार वाजवायचं?" त्यांनी सालं कागदात गुंडाळली. "केतकी म्हणते, जागा अडते, टाकून देऊ. मी म्हटलं, दे."

पार्ले, पावसाळा, हाच जुना कॅरम: मला शंका यायला लागली होती. त्या मटार ठेवायला आत गेल्या तेव्हा मी गेममधली जुन्या डावांची यादी उघडली. तीन वर्षांचे डाव ओळीने लागलेले. मग श्रावणातली एक तारीख, चार वाजून दोन मिनिटं, उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी चार वाजून दोन मिनिटं, उत्तर नाही. असे एकवीस दिवस. मी पिशवीतून डायरी काढली. कुठल्या दिवशी कुणाकडे काय केलं ते मी लिहून ठेवायचे. उत्तर न मिळालेल्या पहिल्या तारखेसमोर माझ्याच अक्षरात होतं: 'पार्ले, नलूताई. कॅरम अडकतो. सगळं साफ केलं. गिऱ्हाईक खूष.'

तो बाप नसलेला लहानसा प्रोग्रॅम मुग्धाने बसवला होता. बहीण आली की टिंग करून वर्दी द्यायची, एवढंच त्याचं काम. त्याला मी उठवून लावलं होतं आणि वॉचमनला सांगितलं होतं की कोणालाही सोडू नकोस आणि विचारूही नकोस. दुसऱ्या कोणाच्या घरी असं झालं असतं तर त्या बाईने बहिणीला फोन लावला असता, "काय गं, आली नाहीस?" पाच मिनिटांत उलगडा. इथे अबोला होता. एकीला वाटलं, ती येत नाही. दुसरीला वाटलं, ती घेत नाही. आणि विचारायची सोय दोघींनी दहा वर्षांपूर्वीच बंद करून टाकलेली.

कुंदाताई हात पुसत बाहेर आल्या. तिथेच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. म्हटलं, "फोटो फार आहेत, परवा येऊन पुरं करते, तोवर मशीन हलवू नका." त्यांनी मला चहा दिला, वर ताजे मटार बांधून दिले. ते मटार घेऊन मी घरी आले, याची मला आजही लाज वाटते.

संध्याकाळभर मी स्वतःशी भांडत होते. इतक्या वर्षांत एकही तक्रार नाही, ही माझी मिजास होती. गुपचूप पार्ल्याला जावं, काहीतरी निमित्त काढून बिघाड सुधारावा आणि निघून यावं, कोणाला कळणार होतं? पण मग ते पाच-सहा महिने तसेच राहिले असते. धाकटी एकवीस दिवस येत होती हे थोरलीला कळलंच नसतं, आणि थोरली उत्तर द्यायचं टाळत नव्हती हे धाकटीला. माझं पाप त्या दोघींनी एकमेकींच्या नावावर ठेवलं असतं. आमचे हे जेवताना म्हणाले, "एवढी कसली चिंता? सांगून टाक. फार तर ओरडतील. मुख्याध्यापिका आहेत, त्यांचं कामच ते."

गुरुवारी तीन वाजता मी पार्ल्याच्या दारात उभी होते. नलूताई बारीक झाल्या होत्या. कॉम्प्युटरवर कशिदा काढलेलं कापड घातलं होतं, त्यावर फुलदाणी.

"उभी का? बस," त्या म्हणाल्या. "मी बोलावलं नव्हतं तुला. आता मी खेळत नाही. डोळे दुखतात."

"नलूताई, कुंदाताईंनी खेळणं सोडलं नव्हतं."

त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर थांबला. "कुंदाबद्दल तुला कोणी सांगितलं?"

मी सगळं सांगितलं. श्रावणात काय बंद केलं, काल मुलुंडला काय बघितलं, डायरीत काय निघालं. कारणं देण्याचा मोह झाला तो आवरला. माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे ती येत होती?"

"रोज. एकवीस दिवस. चार वाजून दोन मिनिटांनी."

"दोन मिनिटं उशिरा," त्या पुटपुटल्या. "शाळेतसुद्धा घंटा झाल्यावरच पोचायची." आणि त्यांचे डोळे भरून आले.

माझेही आले. मी म्हटलं, "चूक माझी आहे, नलूताई. मला वाटलं, मी तुमच्या भल्याचंच करतेय."

हे ऐकून त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे इतका वेळ बघत राहिल्या की मला वाटलं, आता घराबाहेर काढणार.

"मी पण तेच म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "तिचे टाके ओले होते गं. मला भीती वाटली, आई गेली, आता हीसुद्धा जाईल. म्हणून सगळ्यांची तोंडं बंद केली. तिला विचारलं नाही. नंतर तिने जाब विचारला तर वर तोंड करून म्हटलं, तुझ्या भल्यासाठीच केलं. चुकलं, एवढा एक शब्द माझ्या तोंडून निघाला नाही." पदराने त्यांनी डोळे टिपले. "तू निदान सांगायला आलीस."

मी फुलदाणी उचलून बाजूला ठेवली. त्यांनी स्वतःच्या हाताने कापड काढलं, घडी घातली आणि मशीन चालू केलं.

काम दहा मिनिटांचंच होतं. त्या लहान प्रोग्रॅमला परत जागेवर बसवलं. वॉचमनचा कायमचा हुकूम रद्द केला आणि त्याच्या वहीत एकच नाव लिहून दिलं: हा कॅरम आला तर सोड. मशीन रडतखडत चालत होतं. मागे एक अपडेट आपला पसारा मांडून बसला होता.

"हा अपडेट थोडा वेळ थांबवू का?" मी विचारलं. "नंतर होईल तो."

"मला कशाला विचारतेस? मला काय त्यातलं कळतं?"

"आता विचारायचं ठरवलंय," मी म्हटलं. त्यानंतरच्या सगळ्या वर्षांत मी ते पाळलं. कुठल्याही घरात काही बंद करण्याआधी मी विचारत असे, तुमच्याकडे कोण कोण येतं? लोक गोंधळायचे, पण उत्तर द्यायचे.

चारला दहा मिनिटं होती. आता मुलुंडला कोणीतरी कळवायला हवं होतं, नाहीतर बटण दाबणार कोण? मी केतकीचा नंबर काढला. नलूताईंनी माझा फोन हाताने खाली केला. "थांब. मी करते."

त्यांच्या फोनमध्ये तो नंबर नव्हता. तो त्यांना पाठ होता, न अडखळता दाबला. पलीकडे घंटी वाजत राहिली. त्यांनी दुसऱ्या हाताने टेबलाची कड धरली होती. फोन उचलला गेला आणि पलीकडून "हॅलो" ऐकू आलं.

"कुंदा," त्या म्हणाल्या. "नलू बोलतेय." "चुकलं माझं," त्या एवढ्या हळू म्हणाल्या की शेजारी बसून मला जेमतेम ऐकू आलं. लगेच घसा खाकरून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "चार वाजतायत."

उत्तराची वाट न बघता त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि चष्मा पुसायला घेतला. दोनदा पुसला. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले. चार वाजून एक मिनिट झालं. मी कॉम्प्युटर दुरुस्त करणारी बाई, पण त्या मिनिटात मी देवाला हात जोडले.

टिंग.

बोर्ड उघडला. पांढऱ्या सोंगट्या नलूताईंच्या. पहिले चार-पाच फटके दोघींचे भलतीकडेच गेले. बहुतेक दोन्हीकडे डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. स्ट्रायकर मात्र एकदाही थिजला नाही. मग हळूहळू हात बसले. मधेच पलीकडचा एक फटका असा आला की काळी सोंगटी कुठेच गेली नाही, पण एक पांढरी घरंगळत जाऊन कोपऱ्यातल्या भोकाच्या तोंडाशी थांबली.

नलूताईंनी राणीवर नेम धरला. राणी गेली. पुढच्याच फटक्याला ती पांढरी अलगद आत ढकलली, कव्हर झालं, आणि त्या खुर्चीत मागे रेलल्या.

"बघितलंस?" त्या मला म्हणाल्या. "माझ्यासाठी कव्हर ठेवते ती. गच्चीवर खेळायचो तेव्हापासून. तिला वाटतं, मला कळत नाही."

टेबलावर पालथ्या पडलेल्या फोनमधून आवाज आला, "ताई, ऐकू येतंय मला."

नलूताईंनी फोनकडे बघितलं. मग घाईघाईने चष्मा नीट केला, पुढचा फटका मारला, तो चुकला, आणि फोनकडे मान वळवून त्या म्हणाल्या, "मग थांबलीस का? खेळ."